ढळली की ढकलली

आई, तुझ्या चिरंजीवांस अखेर लोकप्रसिद्धी प्राप्त झाली आहे. काल एका वृत्तवाहिनीने माझे छायाचित्र दाखवून खाली लिहिले, ‘दरिंदे का वकील’. छायाचित्र जुने होते, त्यात केस होते. तेवढ्यापुरता मी वाहिनीचा ऋणी आहे. गाझियाबादेत एका उत्तुंग इमारतीच्या बाल्कनीतून एक तरुणी पडून मरण पावली, आणि खुनाचा आरोप असलेला तिचा पती माझा पक्षकार आहे. न्यायालयाने पुराव्याचा पहिला कागद उलटण्याआधीच वाहिन्यांनी त्या पतनाचे काल्पनिक चलच्चित्र सिद्ध केले; त्यात मागून येणारे दोन हातसुद्धा आहेत. अशा प्रसंगीचे शास्त्र मी कनिष्ठ वकिलांना गंभीर मुद्रेने शिकवीत आलो आहे: कॅमेऱ्यापुढे मौन, ‘निर्दोष आहे’ असे न म्हणता ‘आरोप सिद्ध झालेला नाही’ एवढेच म्हणावे, आणि ‘तू केलंस का?’ हे पक्षकाराला कदापि विचारू नये. तो ‘हो’ म्हणाला, तर ती पडली असे न्यायालयात त्याच्याकडून वदवून घेणे मला निषिद्ध होते. अज्ञान हेच आमचे कवच.

दिल्लीत पहाडगंजच्या शाळेत तू मराठी शिकवायचीस आणि पूर्वकर्मानुसार मी तुझ्याच वर्गात. शेजारचा मुलगा उभा राहून सांगतो, “बाई, काच फुटली.” तू खडू खाली ठेवतेस. “फुटली? तिला काय एकाएकी वैराग्य आलं? कर्ता कुठाय?” वर्ग हसतो, पण वाक्यात कर्ता येईपर्यंत तू त्याला बसू देत नाहीस. त्या दिवसापासून कर्ता गाळलेले वाक्य माझ्या कानाला खुपते. माझ्या व्यवसायात हा केवढा शारीरिक दोष आहे, याची तुला कल्पना नव्हती.

गेल्या आठवड्यात तुरुंगात पक्षकाराच्या भेटीला गेलो. मुलगा दिल्लीतच वाढलेला. मराठी फक्त आईशी, तीही मोडकी. शिपायाला कळू नये म्हणून तो मराठीत बोलू लागला. पोलिसांनी सही कशावर घेतली, एवढेच मी विचारले होते. तो म्हणाला, “सर, आमचं भांडण झालं यार, छोटंसंच. मग ती... ढकलली गेली.” कर्मणि प्रयोग, आई. कर्ता लुप्त. ‘कुणाकडून?’ हा प्रश्न ओठांपर्यंत आला आणि शास्त्रानुसार मी तो गिळला. निघताना तो म्हणाला, “आईला सांडून घ्या.” सांभाळून घ्या, असे त्याला म्हणायचे होते.

तेव्हापासून झोप नाही. ज्याला सांभाळणे आणि सांडणे यांतला भेद ठाऊक नाही, त्याला ‘ढळली’ म्हणायचे असेल का? तिचा तोल गेला, एवढेच? की जिभेने त्याला फितूर होऊन खरे सांगितले? हिंदीत पुन्हा सांग म्हणावे, तर तोच निषिद्ध प्रश्न. पत्नीला वा कनिष्ठाला विचारावे, तर पक्षकाराचे बोलणे उघड करता येत नाही. दिवंगत मातोश्रींविषयी मात्र कायदा मौन बाळगून आहे. तू ते एक वाक्य ऐकले असतेस आणि चष्म्यावरून पाहत सांगितले असतेस: हा अपराध आहे की अशुद्ध मराठी. आई, या कोटी माणसांच्या नगरीत मला हे विचारायला दुसरे कोणी नाही. काल न्यायालयाच्या जिन्यात त्या मृत मुलीचे वडील समोर आले. ओरडले नाहीत. “वकील साहब, आपकी भी तो बेटी होगी,” एवढेच म्हणून त्यांनी मला वाट दिली. वाट दिली, हे अधिक वाईट.

उद्या जामिनाची सुनावणी. हे प्रकरण दुसरा कोणी वकील घेत नाही, त्यामुळे सोडून पळण्याचा सन्माननीय मार्गही बंद. आज त्या मुलाची आई कार्यालयात आली. मी चहा मागवला, तिने तो तसाच ठेवला. मग म्हणाली, “दादा, टीव्हीवर नका म्हणू. मला म्हणा. त्यानं नाही केलं ना? तुमचा तरी विश्वास आहे ना?”

“बिल्कुल,” मी हिंदीत म्हणालो.

ती रडली, आणि गार झालेला चहा एका घोटात प्यायली. हे पत्र जाणार कुठेच नाही, म्हणून लिहितो: मराठीत ते मला म्हणता आले नसते.