शेवटचा टाका ज्याचा, मागची खुर्ची त्याची

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (या वेळी अगदी शब्दशः साष्टांग. परवापासून कंबर अशी धरली आहे की मी सगळी कामं एक तर उभ्यानं करतो, नाही तर पालथं पडून. हे पत्र पालथं पडून लिहितो आहे, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.) तुझे गुडघे काय म्हणतात? रक्तदाबाची गोळी वेळेवर घेतेस ना? आजची राहिली असेल तर आधी घे, वर घोटभर पाणी पी आणि मगच पुढं वाच. मी थांबतो.

तर तीन आठवड्यांपूर्वी तू मला ज्या कामगिरीवर धाडलंस, तिची ही हकिगत. कामगिरी म्हटली तर साधी होती. तुझ्या लेकीनं प्रवासी विमानाची चांगली सरळ नोकरी सोडून, जुन्या लढाऊ विमानातून आकाशात कोलांट्या मारायचं जे खूळ घेतलं आहे, ते तिच्या डोक्यातून काढायचं. त्या विमानात बसशील तर माझ्या घरात पाऊल ठेवू नकोस, असं तू तिला बजावलंस त्याला आठ महिने झाले. ती विमानात बसली आणि तिनं घरात पाऊल ठेवलं नाही. (हा हट्ट कुणावर गेला आहे ते मी सांगायला नको.) तुझे सात मुद्दे मी कागदावर नीट उतरवून नेले होते. पहिला मुद्दा, पोरगी कुणाचं ऐकत नाही आणि तिला थांबणं ठाऊक नाही. सातवा मुद्दाही तोच होता, फक्त त्याच्याखाली तू दोन रेघा मारायला सांगितल्या होत्यास.

विमानाची शेड म्हणजे पत्र्याचं उंच गोदाम, आणि आत सगळीकडे तेलाचा वास. विमान ऐंशी वर्षांचं. नाकावर एकच पंखा, पण तो माझ्यापेक्षा उंच. मुळात एकाच माणसासाठी बांधलेलं; मागची खुर्ची नंतर कुणीतरी बसवली आहे, म्हणजे कोंबली आहे. पोरगी त्याच्या पोटाखाली उताणी पडली होती. मी कागद काढला, घसा खाकरला. ती म्हणाली, "मामा, तू बोल, मी ऐकतेय. तेवढं हे जरा धर." आणि माझ्या हातात कापड दिलं. ताई, चाळीस वर्षं शिवणकाम केलेल्या माणसाच्या हातात कापड देऊन मग त्याच्याशी वाद घालायचा, हा सरळसरळ रडीचा डाव आहे. त्या विमानाच्या शेपटीला ज्या हलत्या फळ्या असतात, त्यांच्यावर पत्रा नसतोच मुळी, कापड असतं! ते हातानं शिवायचं, त्यावर रोगणाचे हात द्यायचे, की ते ताणून टणक होतं. आधीच्या कुणी घातलेले टाके पाहून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, उसवा सगळं. मुद्द्यांचा कागद बहुधा तेव्हाच खाली पडला.

आता माझी फजिती ऐक. पहिली फळी मी अशी झोकात शिवली की स्वतःच स्वतःवर खूश झालो. तिथले थोरले मिस्त्री आले, त्यांनी फळी उचलली, हातात तोलली, काट्यावर ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. फळी भारी झाली होती, आणि एकाच बाजूला. झालं असं होतं, की मी सवयीनं कडेच्या शिवणीत आत चार बोटं माया सोडली होती, पुढंमागं सैल करावं लागलं तर असू दे म्हणून. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "मास्तर, हे विमान ऐंशी वर्षांचं आहे. आता त्याच्या अंगात आणखी भर पडेल असं वाटत नाही." सगळी शेड हसली. शेपटीला एका बाजूला जरा वजन जास्त झालं, तर वेगात ती फळी थडथडून मोडू शकते, हे त्यांनी मला मागाहून समजावलं. मी मुकाट्यानं उसवलं आणि पुन्हा शिवलं. तीन आठवडे असे गेले. (घरी बायकोला मी पडद्यांचं मोठं काम आलंय असं सांगितलं आहे.)

त्या शेडमध्ये एक रिवाज आहे. दुरुस्तीनंतर पहिलं उड्डाण वैमानिकानं एकट्यानं करायचं. दुसऱ्या वेळी, दुरुस्तीत ज्याचा हात शेवटचा लागला त्यानं मागच्या खुर्चीत बसायचं. त्यामुळं तिथं कुणी काम ढिलं करत नाही, आणि शेवटचं काम कुणी घेत नाही. हे मला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. एका सकाळी जो तो आपापली हत्यारं पुसून ठेवताना दिसला, आणि एक टाका तेवढा राहिलाय मास्तर, तुमच्याच हातचा शोभेल, असं मला चौघांनी आग्रहानं सांगितलं. मी फुशारून घातला. वर गाठ मारून दोरा दातानं तोडला, तर टाळ्या!

पोरगी आधी एकटी उडून आली, आणि मग तिनं मला मागच्या खुर्चीत पट्ट्यांनी आवळलं. मिस्त्रींनी माझे खिसे रिकामे केले (खडू, कात्री, सात बटणं), पण शर्टाच्या आत गळ्यातला टेप राहिला तो राहिलाच. वर गेल्यावर ती कानातल्या यंत्रातून म्हणाली, मामा, आता उभी गिरकी घेते, आधी जड वाटेल. जड? ताई, माझे गाल खांद्यावर येऊन बसले. मग एकदम सगळं हलकं झालं, डोक्यावर पाहिलं तर तिथं शेतं आणि रस्ते, आणि माझा टेप कॉलरमधून निघून नाकासमोर डुलत उभा! (यावरून मिस्त्री मला नंतर जे बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही, पण बरोबर होतं.) मी ओरडलो. इतर लोक अशा वेळी आईला हाका मारतात, मला तूच वाढवलंस, म्हणून मी तीनदा "ताई गं!" म्हणून ओरडलो. ते खाली शेडमध्ये लावलेल्या कर्ण्यावर सगळ्यांनी ऐकलं. आता तिथं जो तो तुझी चौकशी करतो.

पण मला सांगायचं आहे ते वेगळंच. ती प्रत्येक गोष्ट करण्याआधी मला सांगत होती. मामा, आता डावीकडे कलतोय. मामा, आता पोट आवळून धर. मला ताप चढला की तू अशीच सांगायचीस, आता पट्टी ठेवते हं, गार लागेल. तोच आवाज, ताई. मला उलट्या अंगानं रडू आलं, आणि उलटं असताना पाणी कपाळाकडे जातं.

पाच कसरती ठरल्या होत्या. तिसरी झाल्यावर तिनं कसल्याशा काट्याकडे पाहिलं. तो केसभर पुढं गेला होता, मला तर जागच्या जागीच वाटला. आज एवढंच, म्हणाली, आणि सरळ खाली उतरवलं. खाली पाहुणे आले होते, फोटोवाला आला होता, कुणीतरी हळहळलंही. तिनं कुणाकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही, मिस्त्रींना घेऊन इंजिनाचं झाकण उघडून बसली. तुझा पहिला आणि सातवा मुद्दा माझ्यापुरता तिथं संपला. मधले पाच मला आठवत नाहीत.

तिला भीती वाटते का, असं मी विचारलं. म्हणाली, रोज वाटते, म्हणून तर दोनदा तपासते. मग विचारलं तिनं, आई जेवते ना गं वेळेवर, जसं मुली एकमेकींना विचारतात तसं; समोर मामा आहे, त्याला 'गं' म्हणत नाहीत, हेही तिच्या ध्यानात नव्हतं.

आज्ञाधारक म्हणवून घ्यायची सोय राहिली नाही, तरी तुझाच

धाकटा

ता. क. : विमानाचं आमच्या घरी हिला कळू देऊ नकोस. पडद्यांवर तिचा अजून विश्वास आहे.

ता. क. दुसरा : रविवारी चारला ती लोकांसमोर उडणार आहे. मिस्त्रींनी तुझ्यासाठी सावलीतली जागा धरून ठेवली आहे. पण ये म्हणून गळ घालायला मी हे पत्र लिहिलेलं नाही. आलीस तर आलीस.

ता. क. तिसरा : पाकिटाला तिकीट नाही आणि ते दाराखालून आलं, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. टपालानं चार दिवस लागले असते. ज्या व्यक्तीनं ते सरकवलं ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली आहे. पाकिटात पडद्यांची मापं आहेत आणि तू उत्तर देईपर्यंत थांबायचं, असं मी तिला सांगितलंय. हे आधीच लिहिलं असतं तर तू रागाच्या भरात दार उघडलंच नसतंस; आता निदान एकदा तरी हसली असशील. सकाळच्या पहिल्या गाडीनं निघाली आहे, काही खाल्लेलं नसणार. रागवायचं असेल तर आत घेऊन रागव. पायरी गार असते.