फिल्टरमधल्या तीन सरक्या

बुधवार, दिवे लागल्यावर

मशीन सकाळी अडली. पाणी भरते, फिरते, पण पाणी सोडतच नाही. आर्णीचा मेकॅनिक म्हणे, चार दिवसांनी येतो. चार दिवस ओले कपडे सडवू काय? म्हटलं, मीच उघडतो.

नवऱ्याले आधी झापलं. "तुमच्या तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पन्नीच अडकली असन. खिसे कायले रिकामे करत नाही?" हे वावरात गेले.

खालच्या फिल्टरचं झाकण लय घट्ट. दोनदा हात सटकला. फडकं गुंडाळून फिरवलं तवा बादलीभर पाणी आलं, अन् मागून कापसाचा बोळा. आत तीन सरक्या. पन्नी नाहीच!

सोमवारी वावरात पहिल्या वेचणीची पूजा केली, दहीभात शिंपडला. पहिला कापूस देवापुढं ठेवायचा म्हणून मीच पदराच्या गाठीत बांधला. अन् आज तसंच पातळ मशीनमध्ये टाकलं. म्हणजे माझंच काम.

मशीन सुरू झाली. संध्याकाळी ह्यांनी विचारलं, "पन्नी निघाली काय?" माझ्या तोंडून "हो" निघून गेलं. ह्यांनी खिशातला खर्रा काढला अन् उकिरड्यावर फेकला. "आजपासून बंद," म्हणाले.

आता खरं कसं सांगू? अन् सांगू तरी कायले? सरक्या धुऊन देवापुढं ठेवल्या. देवाले सारं माहीत आहे, तेवढं पुरे.