गरम बॉनेटचा खुलासा

तीर्थरूप मामा,

दिनांक १४ मार्च, गुरुवार, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. या वेळी मी तुमच्या घरामागे, तुमच्या पिकअपच्या बॉनेटवर उजवा तळहात ठेवून उभा होतो. (खात्रीसाठी डावाही ठेवला.) मामी हे तुम्हाला तिखटमीठ लावून सांगतील, त्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहितो आहे. पायांवर डोकं ठेवून नमस्कार. दाढदुखी कशी आहे? आईचा खोकला कमी आहे. माझी तब्येत ठीक आहे, फक्त झोप लागत नाही, आणि त्याला कारण तुमचं इंजिन आहे.

रविवारी तुम्ही म्हणालात, “परक्याला विकण्यापेक्षा तूच घे. अकरा वर्षांत हिने मला एकदाही रस्त्यात उभं केलेलं नाही.” मला आनंदच झाला, कारण आमच्या फर्निचरच्या दुकानाच्या मालकांनी येत्या सोमवारपासून कपाटं पोचवायचं काम मला दिलं आहे, पण गाडी दारात उभी दिसली तरच. नाहीतर काम दुसऱ्याला. तरीही रक्कम मोठी आहे म्हणून जाणकारांची मतं घेतली. यात अविश्वास नाही. (आधी ‘संशय’ लिहिलं होतं, पण तुम्ही वडीलधारे, म्हणून खोडलं.)

आमच्या दुकानातल्या हिशेबनिसांनी आयुष्यात गाडी घेतली नाही, पण इंजिनांबद्दल त्यांच्याइतकं कोणी बोलत नाही. ते म्हणाले, “जुनं डिझेल इंजिन म्हणजे पहिलवान. हल्लीची इंजिनं म्हणजे मोबाईल, पाणी लागलं की संपली. डोळे मिटून घे.” मी डोळे मिटणारच होतो, तेवढ्यात ताईचे यजमान आले. त्यांनी विचारलं, “मागचं दाखवणारा कॅमेरा आहे? पडदा आहे? काचा बटणावर आहेत?” मी म्हणालो, काच हाताने फिरवावी लागते, आणि डावीकडची फिरवूनही येत नाही. “मग त्याला गाडी का म्हणता? हातगाडी म्हणा, निदान डिझेल तरी वाचेल.” यावर दोघांची अशी जुंपली की माझी गाडी बाजूला राहिली आणि जगातल्या सगळ्या ट्रकांचा निकाल लागला.

म्हणून मी गॅरेजवाल्या मेस्त्रींकडे गेलो. तुमच्या गाडीखाली मी रविवारी गुपचूप वर्तमानपत्र पसरलं होतं (जुनं, पान पाच), आणि त्यावर तेलाचा एक थेंब मिळाला होता. तो कागद घडी न मोडता नेला. मेस्त्रींनी वास घेतला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वास घेतला. “हे तुझ्या डोक्याचं तेल आहे. वाकून बघत होतास ना?” होतो. पण जाता जाता त्यांनी जे सांगितलं त्याने माझी झोप उडाली. “विकणारा गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन तापवून ठेवतो. थंड इंजिन खोटं बोलत नाही. धूर, खडखड, सगळं तेव्हाच कळतं. बॉनेटला हात लावून बघ.”

मामा, मी रविवारी सकाळी आलो तेव्हा बॉनेट गरम होतं. मंगळवारी सकाळी न सांगता आलो, तेव्हाही गरम. तुम्ही तर म्हणाला होतात की गाडी महिनाभर जागची हललेली नाही. म्हणून आज सहा वाजता आलो, आणि तरीही गरम! एवढ्या पहाटे भाच्याला फसवायला कोणी उठत असेल, या विचाराने मला भरून आलं. तेवढ्यात मागून मामींचा आवाज. “कोण रे तो? हात वर कर!” मी दोन्ही तळहात दाखवले.

मग त्यांनी सांगितलं. “अरे, हे रोज पाचला उठतात, गाडी चालू करतात आणि अर्धा तास नुसते आत बसतात. या वयात भाडी मारणं पुरे म्हणून मी यांना घरी बसवलं, तर हे गाडीत जाऊन बसतात. विकायचं ठरल्यापासून तर तासभर.” मामी घरच्या, म्हणून ही साक्ष मी अर्धीच धरली, आणि काचेतून आकडे पाहिले. रविवारी टिपून ठेवलेले किलोमीटर आणि आजचे, एकाचाही फरक नाही. डिझेलचा काटा मात्र एक रेघ खाली. मग मी हात खिशात घातले आणि घरी आलो.

गाडी मी घेतो. फक्त शनिवारी मी मेस्त्रींना घेऊन येईपर्यंत इंजिनाला हात लावू नका, एवढी एकच विनंती.

तुमचा भाचा

ता. क. विनंती एकच नाही. मला वाहन चालवण्याचा परवाना नाही. दोनदा परीक्षा दिली. गाडी मागे घेताना मी तीनदा खाली उतरून मागे कोणी आहे का ते पाहिलं, आणि चौथ्यांदा उतरलो तेव्हा परीक्षक माझ्या जागेवर येऊन बसले. तेव्हा सोमवारपासून, तिसरी परीक्षा होईपर्यंत, गाडी तुम्ही चालवाल का? मी शेजारी बसेन. तिसऱ्या परीक्षेची मला घाई नाही.

ता. क. दुसरा. आजवरचा खर्च: दोन जाणकारांचा चहा एकशे वीस, मेस्त्रींनी वास घेण्याचे पन्नास, परवान्याची फी दोन वेळची आठशे. एकूण नऊशे सत्तर. देणं: गाडीचे एक लाख साठ हजार, शिवाय तुमचा रोजचा पगार, सांगाल तो. येणं: मामींना काय सांगायचं, ते तुमच्याकडून.