सशांचे ओले पंजे

पलूस, गुरुवार संध्याकाळ

आज घरात मान वर करून बघवत नाही.

महिनाभर ससे शिंकत होते, वजनही धरत नव्हते. मी सगळा राग सुनेवर, रूपालीवर काढला. पिंजरे नीट झाडत नाहीस म्हणालो, तेही शेजाऱ्यांसमोर. आज जनावरांच्या डॉक्टरांनी एका सशाचे पुढचे पंजे दाखवले. नाक पुसून पुसून ओले, केस चिकटलेले. मग खाद्य चिमटीत धरून फुंकर मारली. नुसती धूळ उडाली.

"एवढं बारीक कुणी दळलं? हे नाकात जातं. गोळी पेंड घाला."

मीच. विकतच्या गोळीत काय मिसळतात कुणास ठाऊक, म्हणून मका नि सोयापेंड गिरणीतून भाकरीच्या पिठागत दळून आणत होतो. रूपाली पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "मामा, लय बारीक झालंय. भरडा बरा." मी म्हणालो, "तुला काय कळतंय?"

आज मी तोंड उघडायच्या आत तीच डॉक्टरांना म्हणाली, "आमीच दळलं. चुकलं." आणि मी गप्प राहिलो. फौजेत वीस वर्षं काढलेला माणूस, गप्प.

आता ती फडक्यानं ते ओले पंजे पुसत बसलीय. मघाशी हाक मारली.

"काय मामा?"

जेवलीस का, एवढंच विचारता आलं.