ताईच्या रुखवतातलं स्टेशन

ठाणे, १२ एप्रिल ५४
ताईने रुखवतासाठी स्टेशन करायला घेतलंय. इतर मुली साखरेची वृंदावनं मांडतात. हिचे होणारे सासरे रेल्वेत, कल्याणच्या सिग्नल केबिनमधून रिटायर झालेले, म्हणून. पुठ्ठा, काड्यापेट्या, दिव्यांचे खांब जुन्या छत्रीच्या काड्यांचे. आईला धास्ती, वऱ्हाड म्हणेल विकतचं. ताई म्हणाली, "म्हणू दे. मी केलंय तर सांगेन मी." बल्ब आणणं माझ्या गळ्यात. मॅट्रिक नापासाला दुसरं काय काम.

१५ एप्रिल
बॅटरीचे बल्ब आणले. ताईने एक खांबावर धरला. "हा दिवा? भोपळा टांगलाय." परत.

२१ एप्रिल
कल्याण कॅम्पात, निर्वासितांच्या बाजारात गेलेलो. वाटेत खाडीवर नवी होडी पाण्यात लोटत होते, दुपार तिथेच गेली. मग एका सिंध्याकडे लष्करी लिलावाच्या मालात टेलिफोन-बोर्डाचे दिवे. शेंगदाण्याएवढे. तो म्हणाला, "छह वोल्ट का है. घर की बिजली मत लगाना." ताईने चार सेल ओळीत जोडून एक लावून पाहिला. खांबावर धरून, मागे सरून पाहिला. मग, "सिग्नलला लाल आणि हिरवा पतंगाचा कागद आण."

४ मे
सगळ्या वायरी फलाटाच्या पोटातून नेल्यात. शोधून एक जोड दिसला नाही मला. हे हिला कोणी शिकवलं? सातवीतून काढलेली. लाल कागद आणला. हिरव्यासाठी निघालो तर वाटेत कुस्त्या...

१६ मे
लग्न झालं. लिहितो पटकन.
हातगाडीच्या हादऱ्यांनी दिवे गेले. रुखवताभोवती वऱ्हाड जमलेलं. नवऱ्याकडची एक आत्या म्हणाली, "भावाने केलेलं दिसतंय. बायकांना वायरी कुठल्या कळायला." मी नाही नाही म्हणतोय, ऐकतंय कोण. एवढ्यात ताई आतून आली, पिवळी साडी, मुंडावळ्या, उकिडवी बसली, दाताने वायर सोलली आणि पीळ दिला. स्टेशनातले सगळे दिवे लागले.
सासरे चष्मा लावून वाकले. "सूनबाई, सिग्नलचा हात खाली, म्हणजे गाडी सोडलीत. मग दिवा लाल कसा?"

ताई म्हणाली, "हिरव्या कागदाला याला पाठवलेलं, मामंजी. हा कुस्त्या बघून आला."
सगळा मांडव मला हसला. सासरे हसता हसता आत्याबाईंकडे वळले. "भावाने केलंय म्हणत होतीस ना गं?"

६ जून
ताईकडे जाऊन आलो. स्टेशन कपाटावर, चादरीखाली. ताईच्या सासूबाई म्हणाल्या, "घरात विजेशी खेळ नको बाई." मामंजींनी पेपर खाली घेतला, परत वर धरला. ताई पोळ्या लाटत होती. माझ्याकडे बघितलं नाही.

५ जुलै
लग्नानंतरचा पहिला आषाढ, सासूसुनेने एकमेकींचं तोंड बघायचं नाही. ताई महिनाभर इकडे. आल्या आल्या पुठ्ठा मागितला. आता स्टेशनाचा मालधक्का करतेय, मालगाडीत माल चढवायचा, क्रेनसकट. क्रेनच्या टोकाला दिवा हवा, क्रेन फिरायला हवी आणि वायरीला पीळ पडता कामा नये. कसं ते मला दोनदा सांगितलं, कळलं नाही. पण तिच्या हाताकडे बघत बसावंसं वाटतं. ती इकडे यायला निघताना मामंजी तिला हळूच म्हणालेले, "मालधक्का राहिला हो." सासूबाईंनी ते ऐकलं की नाही, तिला ठाऊक नाही.
मला परत कॅम्पात धाडतेय.
आईने विचारलं, "अगं, हे तिकडे नेणार कशी?"
"आधी दिवा लागू दे."