घाटघरच्या संतुलनसाधकास

प्रिय ज्ञानेश्वर, स्वविकासव्रती, अंतर्मुखश्रेष्ठ इत्यादी,

तुझ्या शिबिराच्या नियमावलीत भ्रमणध्वनी निषिद्ध आहे. टपालाचा उल्लेख मात्र संयोजकांना सुचलेला दिसत नाही. त्या फटीतून हा तुझा शिनोलीचा सहकारी तुझ्या साधनेत शिरत आहे. क्षमस्व. घाटघरची हवा माणसाला अंतर्मुख करते म्हणे. तुला ती मानवली असणारच. तू बहिर्मुख असतानाही कुणाचं ऐकत नव्हतास.

आपल्या दूध शीतकरण केंद्रात तुझ्यावाचून काहीही अडलेलं नाही, हे कळवताना अतीव दुःख होतं असं लिहिण्याचा प्रघात आहे. म्हशींना कार्य-जीवन-संतुलन अद्याप अवगत झालेलं नाही; त्या दोन्ही वेळा दूध देतात. पुण्याच्या कार्यशाळेहून परतून, फॅट तपासण्याच्या यंत्रापुढे उभं राहून तू उद्घोषणा केलीस, की यापुढे प्रथम स्वतः, मग इतर. मी टाळ्या वाजवल्या, आणि त्या उपरोधिक नव्हत्या. त्या नोकरीत आपण दोघंही पिळून निघालो होतो. पण त्याच सायंकाळी अंथरुणाला खिळलेल्या मातोश्रींपुढेही तू तीच उद्घोषणा केलीस. बायडाबाईंनी एवढंच विचारलं, "मंग माज्यापाशी कवा बसशील रं?" तू म्हणालास, परतल्यावर.

परतणं लांबलं. एका शिबिराच्या पोटातून दुसरं शिबिर निघालं. "ग्यानू आला का?" हा प्रश्न मातोश्री दाराकडे पाहून विचारत. नूतनवहिनी आरंभी "येत्याल" म्हणत, पुढे "झोपा आता" म्हणू लागल्या.

मग तुझी बहीण जया एस.टी.ने घाटघरला आली. फाटकापाशी तू भेटलास. ती म्हणाली, "दादा, आईचं काय खरं न्हाई. लई तुजं नाव घेतीया. चल की रं!" तू नेत्र मिटलेस, कर जोडलेस, प्रसन्न स्मित केलंस आणि वळलास. आज मौनाचा दिवस आहे, असं स्वयंसेवकाने तिला समजावलं व चहा दिला. तो निग्रह अलौकिकच. आमच्यासारख्या अविकसित जीवांच्या तोंडून निदान एखादा हुंकार तरी निसटला असता.

पुढचं संक्षेपाने. अग्नी नूतनवहिनींनी दिला. घोड नदीच्या काठी दशक्रिया झाली. प्रवचन झालं, पुढाऱ्यांची भाषणं झाली, बायडाबाईंना कधीही न पाहिलेल्या दोन वक्त्यांचे कंठ दाटून आले. परंतु पिंडाला कावळा शिवेना. अशा वेळी मृताची राहिलेली इच्छा ओळखून शब्द द्यावा लागतो, हे तू जाणतोस. तुझे मामा सावळेराम पुढे झाले: "बाय, ग्यानूला आमी घिऊन येतू." कावळे ढिम्म. "त्याला अंतर देणार न्हाई." तरीही ढिम्म. मंडळी घड्याळं पाहू लागली. मागून कुणी पुटपुटलं, "दर्भाचा कावळा करा राव, अन् व्हा मोकळं." तेव्हा नूतनवहिनी पदर खोचून पिंडापुढे उभ्या राहिल्या. "आत्याबाई, ह्यांची वाट बघू नका आता. आमीबी न्हाई बघत. ह्यांना घरात घ्यायचं न्हाई, ह्यो माजा शबुद." त्या मागे सरतात न सरतात तोच कावळा उतरला. मामांनी मान खाली घातली. जया मात्र कितीतरी दिवसांनी हसली.

तेव्हा मित्रवर्य, हे पत्र तुला बोलावण्यासाठी आहे असा ग्रह झाला असल्यास कृपया दूर करावा. ते वहिनींनीच लिहायला लावलं आहे. त्यांचा निरोप जसाच्या तसा देतो: "भावजी, त्यांना कळवा, गावासमोर शबुद दिलाय अन् आत्याबाईंनी तो घेतलाय. येऊन मला तो मोडाय लावू नका." तुझे कपडे धुऊन, घड्या घालून केंद्रावर आणून ठेवले आहेत. घाटघरला जाणारं कुणी भेटलं, की पाठवून देतो.

तुझाच, आणि आता या गावात बहुधा मी एकटाच तुझा,
बाळासाहेब