चौथी ब अजून अश्मयुगात

१६ जून, सकाळी सहा
नवं वर्ष, नवी वही. यंदा चौथी ब ला इतिहास माझ्या पद्धतीने. पाठांतर बंद. माणूस ज्या क्रमाने शहाणा झाला, त्याच क्रमाने चौथी ब शहाणी होणार. आग, चाक, शेती, सगळे शोध मुलांनी स्वतः लावायचे. मी मध्ये पडणार नाही, फक्त बघणार. बायको म्हणाली, ते तुम्हाला जमेल.

१८ जून
अश्मयुग सुरू. बाक भिंतीला लावले, मुलं जमिनीवर. प्रत्येकाने एक दगड आणला, तो घासून गुळगुळीत करायचा. वह्या दप्तरात, कारण लिपीचा शोध लागलेला नाही. बोलणंही बंद ठेवायचं होतं, पण भाषेचा शोध सगळ्यांनी पहिल्याच मिनिटाला लावला.

२७ जून
चाक अजून नाही. मुद्दाम एक गोल डबा वर्गात ठेवला होता. लाथ मारली की तो गडगडत जातो, एवढं त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी फुटबॉलचा शोध लावला. घाई नाही. आदिमानवाने हजारो वर्षं घेतली, माझ्याकडे एप्रिलपर्यंत वेळ आहे.

शेजारच्या चौथी अ ला इतिहास ड्रिलमास्तर शिकवतात. शिट्टी वाजवून. एक शिट्टी, एक राजा. भिंतीपलीकडून सगळं ऐकू येतं. त्यांचे अकरा राजे झालेसुद्धा. कीव येते त्या पोरांची.

४ जुलै
एक आई भेटायला आली. तिची मुलगी, आमची दोन वेण्यावाली, घरी चमच्याला हात लावत नाही. धातूचा शोध लागायचाय म्हणते. मला भरून आलं. आईलाही आलं होतं, पण ती रागाने बोलत होती.

७ जुलै, दुपारी
हेडबाईंनी बोलावलं. ३० तारखेला इन्स्पेक्शन. तोपर्यंत चौथी ब राजांपर्यंत पोचली नाही तर माझा इतिहास ड्रिलमास्तरांकडे आणि त्यांचं ड्रिल माझ्याकडे. मी त्यांना ठणकावून सांगणार होतो की इतिहास म्हणजे काही बस नाही, वेळेवर पोचायला. प्रत्यक्षात बरं म्हणून आलो.

घरी येऊन विचार केला. गणित मला येत नाही, पळता तर मुळीच येत नाही. इतिहास गेला तर माझ्याकडे उरतं काय? प्राण गेला तरी इतिहास सोडणार नाही. उद्याच शेतीचा शोध लावून घेतो.

८ जुलै
शेती झाली नाही. पेरायला नेलेले दाणे मुलांनी खाल्ले. शास्त्रीयदृष्ट्या त्यांचं बरोबरच आहे. भटक्या अवस्थेत माणूस मिळेल ते खातो.

१५ जुलै
टोळ्या पडल्या. खिडकीवाले आणि दारवाले. पंख्याखालच्या जागेवरून युद्ध झालं, चार चपला गेल्या. शेवटी शिपायाने दोन्ही टोळ्यांना दम देऊन तह घडवला. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाला, सर, तुमच्या वर्गात झाडू मारायला येताना मी आता काठी घेऊन येतो. वातावरणनिर्मिती साधली आहे, याचा यापेक्षा मोठा पुरावा काय हवा?

राजांपर्यंत पोचायला अंदाजे साडेचार हजार वर्षं बाकी. हातात पंधरा दिवस. जमेल.

२२ जुलै
आजचा दिवस सोन्याचा. मधल्या सुट्टीत माझी मुलं चौथी अ च्या मुलांना गुळगुळीत दगड देत होती आणि बदल्यात कागद घेत होती. व्यापार! कोणी शिकवला नाही, सांगितला नाही. मी खांबाआडून बघितलं आणि रुमाल काढावा लागला. कागदांवर काय लिहिलंय ते विचारलं नाही. संशोधकाने ढवळाढवळ करू नये.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, पोरं हुशार आहेत, तुमच्या हाताखालीही टिकली.

२९ जुलै
उद्या इन्स्पेक्शन. राजे राहिले. पण साहेब आले की मी त्यांना थेट व्यापार दाखवणार. पद्धत बघून ते चाट पडतील. कदाचित जिल्हाभर लागू करतील. त्या भाषणाचे मुद्दे काढून ठेवले. जेवण गेलं नाही.

३० जुलै, संध्याकाळी
साहेबांनी विचारलं, राजे किती झाले? मी तोंड उघडायच्या आत अख्ख्या वर्गाने हात वर केले. सतरा राजे, सनावळीसकट, घडाघडा. प्रत्येक राजानंतर मुलं तोंडाने शिट्टीचा आवाज काढत होती. मीसुद्धा ऐकत राहिलो. काही राजे मला नवीन होते.

साहेब खूश. म्हणाले, हे कोणी शिकवलं? मी शर्ट नीट करून पुढे झालो. तेवढ्यात दोन वेण्यावालीने सांगितलं, चौथी अ ने. एका दगडाला एक राजा, मोठ्या दगडाला लढाई. साहेबांनी विचारलं, मग तुमचे सर काय शिकवतात? वर्ग विचारात पडला. मग कोणीतरी म्हणालं, सर चांगले आहेत.

साहेब ड्रिलमास्तरांची पाठ थोपटून गेले. म्हणाले, ज्याचं शिकवणं भिंतीपलीकडे पोचतं, तो खरा शिक्षक.

१ ऑगस्ट
ऑर्डर आली. सोमवारपासून मी मैदानावर. हेडबाई म्हणाल्या, मोकळी हवा मिळेल. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं, आणि ते कोणाला सांगावं ते कळेना.

शाळा सुटल्यावर बाक जागेवर लावत होतो. दोन वेण्यावाली डबा विसरली म्हणून परत आली. जाता जाता तिने विचारलं, सर, अश्मयुग संपलं तेव्हा त्यातल्या माणसांचं काय झालं?

इतक्या वर्षांत मला असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. म्हणालो, पुस्तकात बघून सांगतो.

ती म्हणाली, राहू द्या सर, ड्रिलच्या सरांना विचारते.